व्युत्पत्तीची वही: ‘गॉड’पासून ‘नेक्टर’पर्यंत

देवांना आणि अमरांना इंग्रजीत जे शब्द आहेत, त्यांच्या नोंदी बऱ्यापैकी मार्गी लागल्या. ज्यांची कुळं लागली ते शब्द इथे मांडतोय.

आधी ‘डीइटी’ आणि ‘डिव्हाइन’, कारण ही सोपी. दोन्ही लॅटिन घराण्यातली, फ्रेंचमार्गे इंग्रजीत आलेली. मुळात अर्थ उजळ आकाशाचा, म्हणजे आपल्या ‘देव’, ‘दिवस’, ‘द्यौः’ यांचं सख्खं कूळ. ऋग्वेदातलं ‘द्यौष्पितः’, ग्रीक ‘झेउ पातेर’ आणि लॅटिन ‘जुपिटर’ ही एकाच हाकेची तीन रूपं. लॅटिनमध्ये तर ते संबोधनच देवाचं नाव होऊन बसलं.

पण ही झाली इंग्रजीतली पाहुणी. घरचा शब्द कुठे गेला? संस्कृत ‘द’च्या जागी इंग्रजीत ‘ट’ येतो: द्वि–टू, दश–टेन. त्याच नियमाने ‘देव’चा जुन्या इंग्रजीतला भाऊ ‘तीव’, आणि तो आजही ‘ट्यूझडे’त आहे. रोमन लोकांचा हा मार्स देवाचा वार. जर्मानिक लोकांनी मार्सच्या जागी आपला तीव बसवला. आपणही त्याच ग्रहावरून मंगळवार म्हणतो.

हाच नियम ग्रीक ‘थेओस’ला दाराबाहेर ठेवतो. अर्थ देवच, दिसायलाही देवासाठीच्या लॅटिन ‘देउस’सारखा, पण ग्रीक ‘थ’समोर संस्कृतात ‘ध’ हवा, ‘द’ नव्हे. त्याचे नातलग लॅटिनमधले ‘फानुम’ म्हणजे देऊळ आणि ‘फेस्तुस’ म्हणजे सणाचा. म्हणून ‘थिऑलॉजी’ची जवळीक ‘फेस्टिव्हल’शी आहे, ‘डीइटी’शी नाही. दिसण्यावरून नाती जुळवणाऱ्यांना मी आता हेच उदाहरण देतो.

सगळ्यात जास्त वेळ ‘गॉड’ने घेतला, आणि तो घेण्यासारखाच आहे. ‘गुड’शी त्याचा काही संबंध नाही. अभ्यासकांची दोन मतं आहेत आणि ती आपल्याला चटकन कळतात, कारण दोन्हीचे संस्कृत जोडीदार आपट्यांच्या संस्कृत कोशात सापडतात. एक ‘हु’ धातूवरून ‘हुत’, म्हणजे ज्याला आहुती दिली तो. दुसरा ‘ह्वे’ धातूवरून ‘हूत’, म्हणजे ज्याला बोलावलं तो. इंद्राला ‘पुरुहूत’ म्हणतात, पुष्कळांनी बोलावलेला. सगळा वाद एका उकाराच्या ऱ्हस्व-दीर्घाचा. कुठलंही मत घ्या, शब्दात देवाच्या तेजाचं वा सामर्थ्याचं वर्णन नाही, माणसाने केलेली कृती आहे. मला ‘हूत’कडे झुकावंसं वाटतं. मूळ शब्द नपुंसकलिंगी होता. ख्रिस्ती धर्म आल्यावर तो पुल्लिंगी झाला.

आता ‘इम्मॉर्टल’. मूळ ‘मृ’ आणि पुढे नकार. संस्कृत ‘अमृत’, लॅटिन ‘इम्मोर्तालिस’, ग्रीक ‘आम्ब्रोतोस’. संस्कृत आणि ग्रीक शब्द तर जसेच्या तसे एकमेकांवर बसतात, लॅटिनमध्ये मूळ तेच पण शेवटचा प्रत्यय वेगळा. ग्रीकमध्ये मध्येच ‘ब’ कुठून आला? आपल्याकडे आम्रचा आंबा आणि ताम्रचं तांबं झालं तिथूनच: म आणि र शेजारी आले की तोंडात ब तयार होतो. ‘आम्ब्रोतोस’वरून देवांचं अन्न ‘ॲम्ब्रोझिया’. ‘अमृत’ म्हटलं की आपल्यालाही आधी पेयच आठवतं, पण ऋग्वेदाच्या आठव्या मंडलात ऋषी म्हणतो, ‘अपाम सोमममृता अभूम’, आम्ही सोम प्यालो, अमर झालो. पेय सोम आहे, अमृत आपण. ही ओळ मी वहीत मोठ्या अक्षरात लिहून ठेवलीय.

‘नेक्टर’ची बरेच अभ्यासक करतात ती फोड अशी: ‘नेक्’ म्हणजे मरण, संस्कृत ‘नश्’चा नातलग, आणि ‘तर्’ म्हणजे आपलं तरणं. मरणातून तारून नेणारं.

पुढच्या गठ्ठ्यात ‘एंजल’ आहे, मूळ ग्रीक अर्थ निरोप्या, आणि ‘फेअरी’, जिचं मूळ लॅटिन ‘फाता’, नशिबाच्या देवता. ‘डेव्हिल’ हा ‘देव’वरून आला असं नेहमी ऐकू येतं; तसं नाही, तो ग्रीक ‘दिआबोलोस’, चहाड्या करणारा. ‘देव’ शब्दाचा खरोखर राक्षस झाला तो पारशांच्या अवेस्ता या धर्मग्रंथात, ‘दएव’ म्हणून. ‘असुर’ आणि ‘अहुर’ यांच्यासोबत त्याची नोंद आधी पुरी करतो.