मध्यम लहरींवर डीआरएम : नाव दिसतंय, आवाज अडखळतोय

डीआरएम म्हणजे डिजिटल रेडिओ मोंडिआल, रेडिओ डिजिटल रूपात पाठवायची पद्धत. मागच्या नोंदीपर्यंत ते उलगडणाऱ्या ड्रीम सॉफ्टवेअरमधले तिन्ही दिवे लाल होते. आता एफएसी (सिग्नलची प्राथमिक माहिती) आणि एसडीसी (स्टेशनचं नाव वगैरे) पक्के हिरवे आहेत, स्टेशनचं नाव झळकतं. एमएससी (प्रत्यक्ष कार्यक्रम) मात्र मध्येच लाल होतो आणि आवाज तुटतो. एफएसी 4-क्वॅममध्ये (लहरीवर माहिती चढवायची विरळ, दणकट पद्धत) असल्यामुळे कमजोर सिग्नलवरही सापडतो. कार्यक्रमाचा आवाज दाट, नाजूक अशा 64-क्वॅममध्ये. त्याला साधारण 15 डेसिबल एसएनआर (सिग्नल गोंगाटाच्या किती वर आहे ते) तरी हवा. म्हणून नाव दिसतं पण ऐकू काही येत नाही, अशी गंमत.

सगळ्यात जास्त फरक पाडला तो लॅपटॉपचा चार्जर काढल्याने. एसडीआर (संगणकाला जोडायचा रेडिओ), सॉफ्टवेअर, सेटिंग तेच. नुसता लॅपटॉप बॅटरीवर घेतला आणि कॉन्स्टेलेशनमधला (सिग्नलचा ठिपक्यांचा आलेख) ठिपक्यांचा चिखल निवळून चौकोनी जाळी दिसू लागली. मग यूएसबी केबलवर फेराइट (गोंगाट अडवणारे मणी) चढवले, लूप अँटेना खिडकीबाहेर नेला आणि त्याचा नल (ज्या दिशेचं त्याला सर्वांत कमी ऐकू येतं ती बाजू) घरातल्या एलईडी दिव्यांकडे वळवला. सिग्नलच्या जोरापेक्षा नल कुठे येतो हे पाहून लूप फिरवा, फायदा तिथेच आहे. ॲनालॉगवर चार्जरची, दिव्यांची हीच घरघर बोलण्याखाली दबून राहते, आपण ऐकत राहतो. डीआरएममध्ये एसएनआर मर्यादेखाली गेला की थेट शांतता.

दिवसा भू-तरंगावर (जमिनीलगत येणारी लहर) तासन्‌तास काही हलत नाही. संध्याकाळी आकाशतरंग (वरच्या वातावरणातून परतणारी लहर) येऊन मिसळला की जाळी विस्कटते. लांब इंटरलीव्हिंग (माहिती वेळेत विखरून पाठवणं) 2 सेकंदांचं, त्यामुळे छोटे खड्डे भरून निघतात. रेंगाळणारं फेडिंग (सिग्नल क्षीण होणं) मात्र भरून निघत नाही.

आता डीआरएमच्या भवितव्याबद्दल, कारण हे टिकेल का, हाच प्रश्न प्रत्येक नोंदीखाली येतो. माझ्या मते घोडं सायमलकास्टवर (ॲनालॉग आणि डिजिटल एकत्र प्रक्षेपण) अडलंय. ॲनालॉगच्या शेजारी डिजिटल ठेवायचं, तर त्याच्या वाट्याला शक्ती कमी येते आणि ऐकणारा म्हणतो, डिजिटल फसलं. खरं तर 100 टक्के मॉड्युलेशनला एएमची (मध्यम लहरींवरचं ॲनालॉग प्रक्षेपण) दोन तृतीयांश शक्ती नुसत्या कॅरियरमध्ये (वाहक लहर) जाते आणि कॅरियर काहीच बोलत नाही! निव्वळ डीआरएममध्ये हा खर्च वाचतो. आकाशवाणीकडे मध्यम लहरींवर तीसहून अधिक डीआरएम ट्रान्समीटर आहेत, म्हणजे प्रक्षेपणाची बाजू अडलेली नाही. अमेरिकेत वाट वेगळी, एचडी रेडिओ या तिथल्या डिजिटल पद्धतीची. मेरीलँडमधल्या फ्रेडरिकच्या डब्ल्यूडब्ल्यूएफडी या केंद्राने 2018 पासून 820 किलोहर्ट्झवर निव्वळ डिजिटल चालवून पाहिलं आणि 2020 मध्ये एफसीसीने (तिथली दूरसंचार नियामक संस्था) सगळ्या एएम केंद्रांना तशी ऐच्छिक मुभा दिली. ॲनालॉग बंद करायची हिंमत मात्र थोड्यांनीच केली. जुन्या सेटवर नुसता खरखराट उरणार, हे कोणत्या केंद्राला परवडेल?

पुढचं काम : एक्सएचई-एएसी (आवाज दाबून पाठवायची पद्धत) उलगडण्यासाठी एफडीके लायब्ररी बसवायची. त्यानंतर प्रीॲम्प्लिफायर (सिग्नल वाढवणारा) लूपच्या पायथ्याशी, त्यालाही वीज बॅटरीचीच. कुणी मध्यम लहरींवर 16-क्वॅमचं प्रक्षेपण पकडलं असेल तर एसएनआरचे आकडे जरूर टाका, ताडून बघू.