पुठ्ठा ॲप, अपडेट 4: स्कॅनर काढून टाकला

मागच्या अपडेटमध्ये मी मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं की बारकोड स्कॅनर एकदम भारी चालतोय, क्षणात कोड वाचतो वगैरे वगैरे. तर तो काढलाय. तीन शनिवार-रविवार गेले होते त्याच्यात, असो.

नवीन मंडळींसाठी थोडक्यात: कराडला मामांचं किराणा दुकान आहे, मी पुण्यात नोकरी करतो आणि सुट्टीत बसून त्यांच्यासाठी माल भरायचं ॲप बनवतोय, फ्लटर (ॲप बनवायचं साधन) आणि एसक्यूलाइटमध्ये (फोनमध्येच राहणारा डेटाबेस), नेट नसलं तरी चालणारं. नाव पुठ्ठा, कारण मामा काय संपलं ते बिस्किटाच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर लिहितात आणि तो पुठ्ठा गल्ल्याशेजारी खिळ्याला लटकवलेला असतो.

माझी आयडिया अशी की विकलेली प्रत्येक वस्तू स्कॅन करायची, स्टॉक आपोआप कमी होत जाईल. शनिवारी संध्याकाळी गर्दीत मामांना लावलं कामाला. दहा मिनिटांत मोबाईल पोत्यावर आणि वर डायलॉग, "आरं मी गिऱ्हाईकाकडं बघू, तराजूकडं बघू का तुझ्या मोबाईलकडं?" बरोबरच होतं त्यांचं. निम्मा माल सुटा, साखर, डाळ, शेंगदाणे, त्याला कुठला आलाय बारकोड. आठवड्याने मोजलं तर ॲप म्हणतंय बिस्किटाचे 60 पुडे आहेत आणि फळीवर 11. स्टॉकचा चुकीचा आकडा हा आकडा नसण्यापेक्षा वाईट, कारण त्याच्या भरवशावर माणूस ऑर्डर देत नाही.

शिवाय बारकोडला मी प्रायमरी की केलं होतं, म्हणजे डेटाबेसमध्ये एका कोडची एकच नोंद, ती वेगळीच बोंब. 22 सप्टेंबर 2025 ला जीएसटी उतरला, बिस्किट, साबण, शाम्पू, टूथपेस्ट 18 वरून 5 टक्क्यांवर, आणि फळीवर तोच 890 ने सुरू होणारा बारकोड पण दोन एमआरपी. कोडमध्ये किंमत नसतेच, तो फक्त वस्तूचा नंबर, हे मला माहीत होतं तरी टेबल तसंच बनवलं होतं. आता वस्तू वेगळी, तिचे लॉट (एका वेळी आलेला माल) वेगळे आणि किंमत लॉटला.

मग उलटं केलं. विक्री मोजायचीच नाही, आलेला माल मोजायचा. कोणता माल किती आला आणि 'संपत आलं' बटण कधी दाबलं, एवढंच. 21 दिवसांत 84 पुडे आले आणि संपत आले तर रोजचे 4, झालं. अंदाजच आहे पण मामांच्या अंदाजाच्या जवळ जातो, आणि खरी परीक्षा तीच.

यातूनच ती गोष्ट लक्षात आली जी मला पहिल्या दिवशी दिसायला हवी होती. मी 'इतक्याखाली गेलं की अलर्ट' असा एकच आकडा ठेवला होता, पण कंपनीच्या मालाचा सेल्समन लाईनला (ठरलेल्या फेरीला) आठवड्यातून एकदाच येतो, समजा मंगळवारी, आणि माल बुधवारी उतरतो. बुधवारी अलर्ट आला तर मामा त्याचं काय करणार, लोणचं? म्हणून आता प्रत्येक वस्तूला डिस्ट्रिब्युटर आणि प्रत्येक डिस्ट्रिब्युटरला वार. हिशोब असा: रोजचा खप गुणिले 8 दिवस (7 दिवस पुढच्या लाईनपर्यंत, 1 माल उतरायला), अधिक थोडा राखीव. रोजचे 4 म्हणजे 32, राखीव 10, झाले 42, फळीवर 15 असतील तर 27 मागवा. पण बॉक्स 24 चा. ॲप म्हणालं 2 बॉक्स, मामा म्हणाले एकच, पैसे कशाला अडकवायचे. आता बॉक्सच्या वर 25 टक्क्यांपेक्षा कमी जात असेल तर खाली राउंड करतो. सोमवारी रात्री मंगळवारच्या सेल्समनची यादी तयार असते, व्हॉट्सॲपवर पाठवता येते, आणि अलर्ट हा प्रकारच उडवलाय.

आवाजाने नोंद हे या महिन्यातलं सगळ्यात मजेशीर काम, कारण ते मामी वापरतात. फोनची मराठी ओळख ठीक आहे, पण "अडीच कट्टे", "पावणेदोन किलो", "दीड डझन" यातून आकडा काढायला माझा मीच पार्सर (शब्दांचा आकडा करणारा कोड) लिहिला. सव्वा, दीड, अडीच, पाऊण यांचे आकडे सरळ यादीत, 'साडे' लागलं की अधिक अर्धा, 'पावणे' लागलं की वजा पाव. 'सव्वा'ने मात्र रडवलं, एकटा असला तर 1.25, पुढे 'तीन' आला तर 3.25, आणि पुढे 'शे' आला तर थेट 125. मापांचंही तसंच, लडी, पेटी, कट्टा, ढेप. तेलाचा 15 लिटरचा डबा वजनात साधारण 13 किलो 650 ग्रॅम भरतो आणि पुढची सगळी मोजणी किलोत, त्यामुळे मी 15 किलो धरून बसलो होतो तिथे दर डब्याला सव्वा किलोच्या वर तेल हवेत गायब होत होतं. मामी "कोलगेट संपलं" म्हणतात म्हणजे कुठलीही टूथपेस्ट, "निरमा" म्हणजे कुठलीही पावडर, तिथे ॲप आता फोटो दाखवून विचारतं, यातली कुठली?

सणांचं प्रकरण अजून अर्धवट आहे. गेल्या वर्षीची खरेदीची बिलं बसून टाईप केली आणि तारखेला तारीख जुळवली, तर ॲपने जुलैच्या पहिल्या आठवड्यासाठी साबुदाणा आणि भगर दुप्पट मागवली. 2025 ला आषाढी 6 जुलैला होती, यंदा 2026 ला 25 जुलैला आहे. गणपतीही 27 ऑगस्टवरून 14 सप्टेंबरला. पंचांगाचं गणित कोडमध्ये बसवायला गेलो, दोन संध्याकाळी घालवल्या, मग गुपचूप भिंतीवरच्या कॅलेंडरवरून 2 वर्षांच्या तारखा हाताने भरल्या. आता 'आषाढीच्या आधी 10 दिवस' असं जुळवतं.

पण हे सगळं पुढे सरकलंय ज्याच्यामुळे तो अधिक ज्येष्ठ 17 मेला लागतोय आणि त्याच्यासाठी गेल्या वर्षीच्या डेटात काहीच नाही. आधीचा अधिक 2023 च्या श्रावणात होता, ती बिलं कुणी ठेवलीयेत. धोंड्याच्या महिन्यात जावयाला 33 अनारसे नाहीतर बत्तासे द्यायचे, म्हणजे गूळ, खसखस, बत्तासे उचलणार. ॲपमध्ये बत्ताशांचा खप महिन्याला 2 किलो दाखवतोय. मामांनी परवाच 25 किलो सांगून ठेवले, पुठ्ठ्यावर लिहून, खऱ्या पुठ्ठ्यावर.

तो आकडा मी हाताने टाकलाय. जूनच्या शेवटी किती उरले ते मोजून सांगतो.