पागोळ्या, खवलं आणि एक वाक्य

चौदाव्या शतकात इंग्लंडातल्या नॉरिच गावी राहिलेल्या, येशूच्या दर्शनांवर पुस्तक लिहिणाऱ्या ज्युलियन या ख्रिस्ती साधिकेबद्दल बोलायला लागले की एक प्रश्न हमखास येतो. परवा वाचक मंडळातही आला: "चर्चच्या भिंतीला लागून असलेल्या खोलीत जन्मभर कोंडून घेतलेल्या बाईला 'सगळं ठीक होईल' म्हणायला काय जातं?" तुम्ही विचारलंत म्हणून नीट सांगते.

तिचा जन्म १३४२-४३ च्या आसपासचा. ती जेमतेम सहा-सात वर्षांची असताना, १३४९ मध्ये, नॉरिचमध्ये प्लेग शिरला. १३६१ मध्ये आणि पुन्हा १३६९ मध्ये इंग्लंडात त्याची साथ उसळली. मे १३७३ मध्ये, साडेतीस वर्षांची असताना, ती स्वतः मरणाच्या दारात होती. धर्मगुरूनं क्रूस डोळ्यांपुढे धरला होता. जवळ उभ्या असलेल्या माणसांत तिची आईही होती. लेक गेली असं वाटून आईनं तिचे डोळे मिटायला हात पुढे केला. ज्युलियन लिहिते, त्यानं माझं दुःख वाढलंच. तिला अजून बघायचं होतं.

त्या आजारपणात तिला दर्शनं होत होती. बघायचं होतं ते त्यांत दिसणाऱ्या क्रुसावरच्या येशूला, त्याच्या काट्यांच्या मुकुटाखालून ओघळणारं रक्त. ते सांगताना तिला शब्द सुचतात ते घरातले. मोठी सर येऊन गेल्यावर वळचणीवरून थेंब गळतात, मोजता येऊ नयेत इतके दाट, तसे ते थेंब. आणि कपाळावर पसरलेला थेंब हेरिंग माशाच्या खवल्यासारखा गोल. म्हणजे आपल्या पागोळ्याच की! मी रत्नागिरीची. मासे साफ केल्यावर मनगटाला चिकटून वाळलेलं खवलं नखानं खरवडून काढावं लागतं, हे मला लहानपणापासून ठाऊक. ते वर्णन वाचलं आणि मी या बाईची झाले.

आता त्या वाक्याकडे येते. ते मुळात तिचं नाहीच, तिला मिळालेलं उत्तर आहे. दर्शनात तिनं येशूला विचारलं होतं, पाप होऊच दिलं नसतंस तर सगळं चांगलंच राहिलं असतं ना? उत्तर आलं, सगळं ठीक होईल. यावर ती गप्प बसली नाही. पापानं तुझ्या लेकरांचं एवढं नुकसान झालंय, मग ठीक होणार तरी कसं, असं तिनं उलट विचारलं. कित्येक जण कायमचे नरकात जाणार ही चर्चची शिकवण तिनं मानलेली होती. ती आणि हे उत्तर यांचा मेळ बसेना, हेही तिनं लिहून ठेवलं. चौदाव्या शतकात असं लिहायला छाती लागते.

आधी तिनं छोटा मजकूर लिहिला. मग जवळजवळ वीस वर्षं त्याच दर्शनांवर विचार करत राहिली आणि त्यातून ८६ प्रकरणांचं पुस्तक झालं. इंग्रजीत बाईनं लिहिलेलं, आज आपल्याला माहीत असलेलं सर्वांत जुनं पुस्तक हेच. आणि कोंडून घेतलेली म्हणाल, तर त्या खोलीपर्यंत माणसं येत होती. १४१३ च्या सुमाराला लिन गावाहून मार्जरी केम्प नावाची एक भाविक बाई आली आणि कित्येक दिवस तिच्याशी आपल्या मनातलं बोलत राहिली. लोक मृत्युपत्रांत ज्युलियनसाठी पैसे ठेवत. एकानं तर तिच्या मोलकरणीसाठी आणि आधीच्या मोलकरणीसाठीही ठेवले.

छोट्या मजकुरातला आईचा तो हात मोठ्या पुस्तकात नाही. तिथे मात्र ती येशूला आई म्हणते, आणि एकदा नव्हे, प्रकरणामागून प्रकरण. विठाईला माउली म्हणत वाढलेल्या आपल्याला त्याचं नवल वाटणार नाही. पण ती किती जवळून पाहते बघा: आई लेकराला कधीकधी पडू देते, म्हणते, आणि घाबरलेलं लेकरू धावतं ते आईकडेच. मला वाटतं, आईचा तो हात तिनं गाळला नाही. तो इथे आलाय.

अडुसष्टाव्या प्रकरणात आणखी एक गोष्ट आहे. तिथे ती बजावून सांगते: तुला वादळं लागणार नाहीत, कष्ट पडणार नाहीत, त्रास होणार नाही, असं येशू म्हणालाच नाही. तू हरणार नाहीस, एवढंच म्हणाला.

पुढच्या बैठकीला ते प्रकरण घेऊन येते. आधी ते वाचू, मग सत्ताविसावं, जिथे "सगळं ठीक होईल" आहे.