मेल अडकल्या, आणि सर्व्हर गप्प बसला

हिंगणा एमआयडीसीतल्या एका कंपनीत मी आयटी बघतो, आयटी म्हणजे मीच, प्रिंटरपासून मेल सर्व्हरपर्यंत सगळं. सत्तरेक मेलबॉक्स, खाली पोस्टफिक्स (मेल पाठवणारा प्रोग्राम) आणि डोव्हकॉट (आलेली मेल मेलबॉक्समधून दाखवणारा), वर क्लिक करायला एक अ‍ॅडमिन पॅनल.

मे महिना होता, बाहेर 45 डिग्री, सर्व्हर रूमचा एसी दोनदा ट्रिप झालेला, त्यात परचेसमधली ताई आली, "दादा, माझ्या मेल जाऊन नाही राहिल्या वाटते, पार्टी म्हणते आलीच नाही." मी तिचं सेन्ट फोल्डर बघितलं, मेल तिथं होती, म्हटलं पार्टीच टाळून राहिली. इथंच मी फसलो. सेन्टमध्ये दिसते ती कॉपी, मेल आपल्या सर्व्हरच्या बाहेर पडली की नाही ते त्यावरून कळतच नाही.

दुसऱ्या दिवशी मेलक्यू कमांड मारली, म्हणजे बाहेर जायला थांबलेल्या मेलची रांग (क्यू) बघितली, तर स्क्रीन थांबेचना बाप्पा! हजारो मेल अडकलेल्या, आणि लॉगमध्ये लॉगिनचं नाव बघितलं तर सगळीकडे अकाउंट्सचे काका, म्हणजे कोणीतरी त्यांचा पासवर्ड ओळखून त्यांच्या नावानं स्पॅम सोडून राहिलं होतं. पासवर्ड काय, तर कंपनीचं नाव आणि वन टू थ्री. काकांना काय बोलणार, तो पासवर्ड चार वर्षांपूर्वी मीच टाकून दिला होता.

पासवर्ड बदलला नं वाटलं झालं काम. कुठलं काय, एकदा क्यूमध्ये घुसलेल्या मेलचा पासवर्डशी संबंध संपलेला असतो, त्या आपल्या जातच राहतात. पूर्ण क्यू एका कमांडनं उडवता येते, हात तिथपर्यंत गेलाही होता, पण त्याच ढिगात ताईच्या परचेस ऑर्डरी होत्या. मग आधी पोस्टसुपर या पोस्टफिक्सच्याच कमांडनं सगळं होल्डवर टाकलं, काकांच्या पत्त्यावरनं निघालेला कचरा तेवढा डिलीट केला आणि बाकीच्या सोडल्या. तोवर आमचा आयपी, म्हणजे सर्व्हरचा इंटरनेटवरचा पत्ता, स्पॅमहाउसच्या, म्हणजे स्पॅम पाठवणाऱ्यांची नोंद ठेवणाऱ्या संस्थेच्या, यादीत चढला होता. तिथून नाव काढायला पैसे लागत नाहीत, पण घाई करून भोक न बुजवता अर्ज केला तर परत चढतो, म्हणून एक रात्र फक्त लॉग बघत बसलो आणि मगच अर्ज टाकला.

सगळ्यात डोकं कशानं फिरलं सांगू? पोस्टफिक्स अडकलेली मेल डिफॉल्टनं 5 दिवस परत परत पाठवून बघतो आणि तेवढ्या काळात पाठवणाऱ्याला एक शब्द सांगत नाही. उशीर झाला तर कळवायची सेटिंग आहे, पण ती शून्यावर, म्हणजे बंद. मी ती 4 तासांवर आणली, एका ओळीचं काम. ताईला हे आधी कळलं असतं तर तिनं पार्टीला फोन करून ऑर्डर सांगितली असती, बिचारी उगाच बोलणी खाऊन राहिली होती.

दुसरं, एका लॉगिनवरनं तासाला किती मेल जाव्या याला आमच्याकडे काही लिमिटच नव्हती. आता शंभर आहे, पगाराच्या स्लिपा जातात त्या लॉगिनला जास्त. खरं म्हणजे पॅनल उघडल्याबरोबर पहिल्याच पानावर दिसायला पाहिजे की आत्ता कोणाच्या नावानं किती मेल अडकल्या आहेत. आमच्या पॅनलवर डिस्क किती भरली त्याचा रंगीत गोल दिसतो, त्याचं काय लोणचं घालू? मग स्वतःच एक छोटी स्क्रिप्ट लिहिली, क्यू दोनशेच्या वर गेली की मोबाईलवर मेसेज येतो.

हे करता करता डीएनएसमध्ये, म्हणजे डोमेनच्या नोंदवहीत, एकाच डोमेनचे दोन एसपीएफ रेकॉर्ड (आपल्या नावानं कोणते सर्व्हर मेल पाठवू शकतात ते सांगणारी ओळ) सापडले. एक माझा, दुसरा बिलिंगवाल्या सॉफ्टवेअरच्या माणसाच्या सांगण्यावरनं कोणीतरी चिकटवलेला. दोन असले की तपासणी थेट एररच देते, दोन्ही मिळून एकच ओळ करावी लागते. तरीच साहेबांच्या मेल गिऱ्हाइकाच्या स्पॅममध्ये जात होत्या.

एक गंमत राहिली. उशिराची सूचना इंग्रजीत जायची, काका ती बघून मेल बाउन्स झाली, म्हणजे न पोचता परत आली, समजायचे आणि तीच मेल अजून तीनदा पाठवायचे. त्या सूचनेचा मजकूर बदलता येतो. सब्जेक्टमध्ये देवनागरी चालत नाही, पण आतल्या मजकुरात चालते. आता आत लिहिलंय, "मेल अजून पोचली नाही, सर्व्हर प्रयत्न करून राहिला. परत पाठवू नका. अर्जंट असेल तर फोन करा."

काका आता फोन करतात, पण मलाच.