अकरा वाजले म्हणजे चार

किती वाजले बघायला मोबाइल उचलला. कुणाच्या तरी साखरपुड्याचे फोटो पाहिले, एका अनोळखी बाईंनी केलेली भरली वांगी शेवटच्या कोथिंबिरीपर्यंत पाहिली आणि फोन ठेवून दिला. वेळ बघायची राहिलीच.

मान वर केली. भिंतीवर आजोबांचं लंबकाचं घड्याळ. पावणेचार. तेवढं सांगून ते गप्प. मला वांगी दाखवायची त्याची काही इच्छा नव्हती.

आठ दिवसांच्या चावीचं घड्याळ. रविवारी आंघोळ झाली की आजोबा स्टुलावर चढायचे, मी स्टूल धरायचो. तबकडीवर भोकं दोन, एक चालण्याचं, एक टोल्यांचं. पिळे मोजत असताना त्यांच्याशी बोलायचं नाही. उन्हाळ्यात लंबकाची पोलादी दांडी तापून लांबते. दहा अंशांनी पारा चढला तर दिवसाला पाचेक सेकंद घड्याळ मागे पडतं. मग लंबकाखालचा नट किंचित वर. आणि वेळ लावायची ती आकाशवाणीच्या ७:०५ च्या बातम्यांवर, दुसऱ्या कुणाच्या सांगण्यावर नाही.

एकदा ते गावाला गेले असताना मी काटे गरागरा फिरवले. प्रत्येक तासाला टोले पडू द्यायचे असतात, हे मला कुठलं माहीत? तेव्हापासून चारला अकरा पडायला लागले. अर्ध्या तासाचा एकेक धरून दिवसाला १८० टोले, आणि तासांचे सगळे चुकीचे! आजोबा परत येईपर्यंत आजीनं महिनाभर तसंच चालवलं. "सात वजा कर की रे," म्हणायची. संध्याकाळी स्वयंपाकघरातून हाक यायची, "दोन वाजले, देवापाशी दिवा लाव!" आलेला पाहुणा चहाचा कप धरून आमच्याकडे बघत राही.

आजोबा आले, आतली तार उचलून टोले जुळवले. मला ओरडले नाहीत. आजीला मात्र पुढे कितीतरी दिवस वजाबाकीची सवय सुटेना.

आता किल्ली माझ्याकडे आहे. रविवार चुकतो, मंगळवारी आठवण होते. शेजारी तान्हं बाळ आल्यापासून टोल्यांच्या भोकाला किल्ली लावत नाही. तरी चार वाजत आले की आत बारीकसं कट्ट होतं, वाजायची तयारी केल्यासारखं. आत्ताही झालं. पुढे काही नाही.

आजीला विचारायला हवं होतं, काहीच वाजलं नाही तर सात कशातून वजा करायचे.