कोणी शिवली, कधी शिवली

सातारा, भाद्रपद वद्य दशमी

घटस्थापना तोंडावर आली की आमच्याकडे घरोघरच्या वाकळा, म्हणजे जुन्या कापडांच्या गोधड्या, बाहेर निघतात आणि संगम माहुलीपासून खाली कराडपर्यंत कृष्णेच्या काठी बायकांची धुण्याची घाई सुरू होते. भिजलेली वाकळ एकटीला उचलत नाही. दोघींनी दोन टोके धरून पिळली तरच तिचे पाणी निघते. आज आमच्या वाकळा गच्चीत वाळत घातल्या आणि मुलाकडे ओमाहाला गेले असताना पाहिलेले गोधड्यांचे संग्रहालय दुपारभर डोक्यात घोळत राहिले.

ते संग्रहालय नेब्रास्का राज्यातील लिंकन शहरात आहे. आर्डिस आणि रॉबर्ट जेम्स या दांपत्याने आपल्या संग्रहातील जवळजवळ 1000 गोधड्या तेथील विद्यापीठाला दिल्या, त्यातून 1997 मध्ये ते उभे राहिले आणि 2008 मध्ये त्याला स्वतःची इमारत मिळाली. आत शिरताच जाणवतो तो मंद उजेड. कापडाचा रंग प्रकाशाने उडतो आणि उडालेला परत येत नाही, म्हणून दिवे जेमतेम दिसण्यापुरते ठेवतात. एखादी गोधडी काही महिने भिंतीवर राहते आणि पुन्हा कोठारात जाते. हात लावण्याची अर्थातच मनाई. आमच्याकडे जी वस्तू दरवर्षी घाटाच्या दगडावर आपटली जाते तिचा हा थाट पाहून मला प्रथम हसूच आले.

तेथील जुन्या गोधड्या बहुतेक तीन थरांच्या असतात: वर ठिगळे जुळवून केलेला दर्शनी भाग, मध्ये कापूस, खाली अस्तर. आमच्या वाकळेत कापूस नसतो. जुनी लुगडी आणि धोतरे एकावर एक अंथरायची आणि कडेपासून आत आत धावदोरा घालत जायचे, म्हणजे शेवटचा टाका मध्यावर येतो. उत्तर कन्नड जिल्ह्यातील सिद्दी बायकांची कवंदीसुद्धा अशीच कडेकडून आत शिवली जाते. शिवाय वाकळ विरली म्हणून कोणी टाकून देत नाही, तिच्यावर नवे कापड घालून पुन्हा शिवतात. त्यामुळे वरून कालची वाटणारी वाकळ उसवली तर तिच्या पोटात दोन पिढ्यांपूर्वीची निघते. अशा वस्तूचे साल ठरवायचे कसे, हा प्रश्न कोणत्याही संग्रहालयाला अवघड जाईल.

साल एक वेळ नसले तरी चालेल, पण शिवणारीचे नाव नसणे मला खटकते. 1971 मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयाने अमेरिकी गोधड्या प्रथमच चित्रांसारख्या भिंतीवर टांगल्या आणि त्यांतील रंग-आकारांची अमूर्त चित्रकलेशी तुलना होऊ लागली. गोधडीला प्रतिष्ठा मिळाली ती त्या प्रदर्शनापासून, हे मान्यच केले पाहिजे. परंतु कौतुक झाले ते आकृतीचे, बायका मागेच राहिल्या, आणि पुढे स्त्रीवादी अभ्यासकांनी त्यावर टीका केली ती योग्यच होती.

याउलट उदाहरण हॅरिएट पॉवर्स यांचे. अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यात 1837 मध्ये गुलामीत जन्मलेल्या या बाईने बायबलमधील प्रसंगांची एक गोधडी शिवली आणि 1886 मध्ये ती अथेन्स गावच्या कापूस-मेळ्यात मांडली. जेनी स्मिथ या चित्रकला-शिक्षिकेने ती तेव्हाच मागितली होती, पण पॉवर्स विकायला तयार नव्हत्या. पुढे परिस्थिती ओढगस्तीची झाली तेव्हा, 1891 मध्ये, त्यांनी 10 डॉलर मागितले आणि त्यांच्या हाती 5 डॉलर पडले. नंतरही त्या आपली गोधडी पाहायला स्मिथबाईंकडे जात असत. व्यवहार मला मुळीच आवडत नाही, तरी स्मिथबाईंचे एक ऋण मानावे लागते: प्रत्येक चौकटीत काय दाखवले आहे हे त्यांनी पॉवर्स यांना विचारून लिहून घेतले. ती गोधडी आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेत आहे आणि शिवणारीच्या अर्थासह आहे.

नव्या कलात्मक गोधड्यांबद्दल माझे मत अजून बनायचे आहे. पुष्कळशा पांघरण्यासाठी नसतातच, आणि काहींत यंत्राची सफाई एवढी असते की डोळा घसरून जातो. अमेरिकी चित्रकार फेथ रिंगगोल्ड यांच्या गोष्टी सांगणाऱ्या गोधड्यांची छायाचित्रे पाहिली तेव्हा मात्र मी थांबले. मधोमध रंगवलेले चित्र, भोवती कापडाच्या तुकड्यांची चौकट आणि त्या कापडावरच लिहिलेला मजकूर. न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयातील 1988 ची त्यांची प्रसिद्ध गोधडी याच जातीची आहे. माहिती सांगायला वेगळी पाटी लागतच नाही.

साताऱ्याला संग्रहालयांचे वावडे नाही. औंधला भवानराव पंतप्रतिनिधींनी 1938 मध्ये उभारलेल्या संग्रहालयात राजा रविवर्म्याची चित्रे आहेत, आणि जुलै 2024 मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातून वाघनखे आली तेव्हा शहरात केवढी गर्दी लोटली होती. (त्याच लंडनच्या संग्रहालयात चौदाव्या शतकात सिसिलीत शिवलेली गोधडी आहे, ती कोणी इकडे आणणार नाही.) तरीही वाकळेसाठी इमारत हवी असे मला वाटत नाही. अमेरिकेत केंटकी राज्यात 1981 मध्ये जे सुरू झाले ते आपल्याला अधिक जमण्यासारखे आहे: ठरलेल्या दिवशी लोकांनी घरच्या गोधड्या घेऊन यायचे, जाणकारांनी छायाचित्र काढून माहिती टिपायची आणि गोधडी ज्याच्या त्याच्या घरी परत. जावळी-पाटणच्या एखाद्या शाळेच्या वर्गात हे होऊ शकते. अडचण एकच दिसते, फाटकी वाकळ चारचौघांत न्यायला बायका लाजतील. आणि उशीर करून चालणार नाही, कारण सुती लुगडी नेसणाऱ्याच कमी झाल्या, तर सिंथेटिक साडीची वाकळ घसरते आणि घामही टिपत नाही.

संध्याकाळी वाकळा आत आणल्यावर थोरल्या जाऊबाईंना समोर बसवून मी वहीत पहिली नोंद केली. वर हिरवे इरकल, ते सासूबाईंचे. खाली मामंजींची दोन धोतरे. शिवणाऱ्या सासूबाई. सालाचे काय, असे विचारल्यावर जाऊबाई म्हणाल्या, "कोयनेच्या भूकंपात सगळे अंगणात झोपलो तेव्हा हीच होती की गं." म्हणजे डिसेंबर 1967 च्या आधीची, एवढे नक्की झाले. धोतरांच्याही आत एक जांभळे कापड उसवणीतून दिसते. ते जाऊबाईंच्या मते सासूबाईंच्या आईचे, माझ्या आठवणीप्रमाणे त्यांच्या आत्याचे. उद्या कराडला वन्संना फोन करून विचारायचे ठरले आहे, तोवर तो रकाना रिकामा ठेवला.