टोपलीवरचं फडकं

फोंड्याला आमच्या दारात मासळी यायची ती टोपलीतून. बाई पायरीवर टोपली उतरवायची, वरचं ओलं फडकं अर्धंच सारायची आणि म्हणायची, "आज बरे बांगडे आसात." आई दोन-चार बांगड्यांचे कल्ले उचलून बघायची, एक वाटा घ्यायची, बाकीच्याला नुसती मान हलवायची. न्यूजग्रुप, म्हणजे इंटरनेटवरचे जुने चर्चेचे गट, कसे वाचावेत हे मी बहुधा तिथेच शिकलो.

छंद शॉर्टवेव्ह रेडिओचा. रात्री ३१ मीटरच्या पट्ट्यात काटा केसभर सरकवत बसायचं, खरखरीतून एखादी परकी भाषा वर आली की वहीत टिपायची. वेळ ग्रीनिचची, म्हणजे घड्याळातून साडेपाच तास वजा. स्टेशन कुठलं, हे फोंड्यात विचारणार कोणाला? यूजनेटवर, म्हणजे या न्यूजग्रुपांच्या जाळ्यावर, मात्र 'रेक.रेडिओ.शॉर्टवेव्ह' नावाचा अख्खा गटच होता अशा वेड्यांचा.

पहिल्यांदा तो पाहिला मावसभावाच्या कॉलेजात. काळा पडदा, हिरवी अक्षरं आणि गट वाचायचा 'टिन' नावाचा प्रोग्रॅम. स्पेसबार दाबत राहिलं की न वाचलेला पुढचा मजकूर आपसूक समोर. माउसची गरज नाही, चित्रं नाहीत. एवढं झपाट्याने मी पुढे कधीच वाचलं नाही. पण प्रयोगशाळेला सहाला कुलूप, आणि शॉर्टवेव्हला जाग येते ती दिवेलागणीनंतर.

मग घरी मोडेम आला. फोनची लाइन एकच, त्यामुळे मोडेम किंचाळायला लागला की आई स्वयंपाकघरातून विचारायची, "फोन मोकळा कधी होणार रे?" आउटलुक एक्सप्रेस या मेल आणि न्यूजग्रुप वाचायच्या प्रोग्रॅमने मला वाचवलं. आधी फक्त शीर्षकं उतरवून घ्यायची. हे अर्धं सारलेलं फडकं. शंभरातली आठ-दहा निवडायची, तेवढाच मजकूर खेचायचा, फोन सोडायचा आणि मग चहा घेऊन निवांत वाचायचं. न वाचलेलं ठळक, वाचलेलं फिकं. कोणी भांडकुदळ निघालाच तर त्याचं नाव गाळणीत टाकायचं, पुन्हा तो दिसत नाही. जुनी मंडळी याला 'प्लॉन्क' म्हणत, तो माणूस गाळणीच्या तळाशी आदळल्याचा आवाज. आईचं मान हलवणंच ते.

पण यूजनेटला मालक नाही. १९७९ मध्ये टॉम ट्रस्कॉट आणि जिम एलिस या ड्यूक विद्यापीठातल्या दोन विद्यार्थ्यांच्या डोक्यातून ते निघालं आणि तेव्हापासून एक सर्व्हर शेजारच्याला मजकूर देतो, तो त्याच्या शेजारच्याला. वाड्यावरची बातमीच. त्यामुळे कधीकधी प्रश्नाआधी उत्तर येऊन पोचायचं. शिवाय आमच्या इंटरनेट कंपनीचा सर्व्हर चार-पाच दिवसांत जुना माल फेकून द्यायचा.

एका वर्षी मी एक स्टेशन विचारलं. भाषा जर्मनसारखी, पण जर्मन नव्हे. तेवढ्यात चवथ आली. पाच दिवस घर माणसांनी भरलेलं, गणपतीवर टांगलेल्या फळापानांच्या माटोळीखाली हातपाय हलवायला जागा नाही, मोडेमला कोण विचारतो? विसर्जनानंतर शीर्षकं उतरवली तर माझ्या प्रश्नाखाली एकच ओळ शिल्लक: "बरोबर, मीही तेच म्हणणार होतो." काय म्हणणार होतास, बाबा? ते आधीचं उत्तर फेकलं गेलं होतं. पुन्हा विचारायची लाज वाटली.

ते उत्तर सापडलं २०१३ मध्ये, ब्राउझरमधून. यूजनेटचा मजकूर जपून ठेवणाऱ्या डेजा न्यूज या साइटचा जुना साठा गूगलने २००१ मध्ये घेतला होता, त्यात शोध घेतला आणि एका क्षणात समोर: रेडिओ नेदरलँड्स, भाषा डच, प्रक्षेपण मादागास्करहून. गंमत म्हणजे त्यांचं शॉर्टवेव्ह आदल्याच वर्षी, २०१२ मध्ये, बंद पडलं होतं.

तरीही ब्राउझरमधून रोजचं वाचन कधी जमलं नाही. तो म्हापशाचा शुक्रवारचा बाजार. हवं ते मिळतं, पण काल कुठवर आलो होतो हे बाजाराला ठाऊक नसतं. फोनवर तर उत्तराला उत्तर देत ओळी उजवीकडे सरकत जातात, शेवटी एकेका ओळीत दोनच शब्द. आणि २२ फेब्रुवारी २०२४ पासून गूगल ग्रुप्सने यूजनेटचा ताजा मजकूर घेणंच थांबवलं. जुना साठा तेवढा शोधायला ठेवला.

मी परत टोपलीकडे वळलो. थंडरबर्ड या मेलच्या प्रोग्रॅममध्ये एका फुकट न्यूज सर्व्हरचा पत्ता घातला आणि शीर्षकं उतरली. गटात आता कचराच जास्त. परवा चाळिसांतली तीन निघाली वाचण्याजोगी. त्यातल्या एकाने संध्याकाळी ऐकलेलं एक अनोळखी स्टेशन विचारलं होतं. वही काढली, साडेपाच तास वजा केले आणि उत्तर लिहायला बसलो.

घरात फायबर येऊन कैक वर्षं झाली. आईने आतून विचारलंच, "फोन मोकळा आहे ना रे?"